कोल्हापूरहून त्सो मोरीरी: सरोवर आणि चांगपांच्या गावी सावकाश जाण्याची रीत

जून उजाडला की कोल्हापुरातून लडाखला निघणाऱ्यांची, बुलेटवाल्यांची आणि विमानाने जाणाऱ्यांचीही, रीघ लागते आणि त्यांतील बहुतेकांचा बेत एकाच साच्यातला असतो. लेहला उतरायचे, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला (ला म्हणजे खिंड), मग नुब्रा खोरे, मग पँगाँगच्या काठी एक रात्र काढून आणि फोटो घेऊन परत फिरायचे. ज्याला हिमालयातले एखादे सरोवर निवांत पाहायचे आहे आणि त्याच्या आसऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या माणसांचे जगणे थोडे तरी समजून घ्यायचे आहे, त्याने मात्र ही धावपळ सोडावी आणि तेच दिवस लडाखच्या आग्नेयेकडील चांगथांग पठारावरच्या त्सो मोरीरीला द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढची माहिती याच मताला धरून लिहिली आहे.

त्सो मोरीरीचे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे 4,520 मीटर उंचीवर आहे आणि आपले कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे आठपट उंचीवर जायचे आहे हे आधी मनात पक्के करावे. सरोवर वीस-पंचवीस किलोमीटर लांब आणि शंभर मीटरच्या आसपास खोल आहे. बर्फ वितळून आलेले ओढे त्यात येऊन मिळतात, पण त्यातून बाहेर जाणारी नदी नाही, त्यामुळे पाणी मचूळ आहे. वायव्य काठावर कोरझोक हे एकमेव मोठे गाव असून तिथे जुनी गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, आहे. शेळ्या-मेंढ्या आणि याक पाळणाऱ्या चांगपा या भटक्या पशुपालकांचे हे केंद्र मानले जाते. 2002 साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत या सरोवराचा समावेश झाला, पण त्याच्याही आधी, 2000 साली, कोरझोकच्या ग्रामस्थांनी आपले पवित्र सरोवर जतनासाठी जगाला अर्पण केल्याचे जाहीर केले होते. आपण ज्या काठावर तंबू ठोकायला निघालो आहोत, त्याचे यजमान कोण आहेत हे एवढ्यावरून कळावे.

कधी जावे

एप्रिल-मेची शाळेची सुट्टी पाहून बेत आखला जातो, तिथेच घोटाळा होतो. मे महिन्यात सरोवरावर बर्फ असू शकतो, वारा बोचरा असतो आणि गावातली राहण्याची सोय नुकती कुठे सुरू होत असते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला. लडाख पर्जन्यछायेत असल्याने तिथे वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे इकडे पंचगंगा पात्राबाहेर पडत असताना तिकडे ऊन तापलेले असते. तरीही ऑगस्टमध्ये ढगफुटीचा धोका विसरू नये. 2010 सालच्या ऑगस्टमध्ये लेह परिसरात झालेल्या ढगफुटीने मोठी जीवितहानी केली होती आणि ओढ्याच्या पात्रालगत मुक्काम करू नये हा धडा तेव्हापासून सगळ्यांनीच घेतला आहे. शेती असलेल्यांनी पेरण्या उरकून जुलैच्या सुरुवातीला किंवा गणपती लवकर आले असतील तर विसर्जनानंतर लगेच निघावे. पक्षी पाहायचे असतील तर जून-जुलै अधिक बरे, कारण पिले तेव्हा पाण्यावर असतात.

उंचीचा हिशेब

या प्रवासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट गाडी नाही, हॉटेल नाही, तर मुक्कामांचा क्रम आहे. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशापर्यंत उतरतो. कोरझोकला तो 57-58 टक्क्यांवर येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात कमी होतो. शरीर हे अंतर भरून काढते, पण सवडीने. डॉक्टर सांगतात ते सूत्र सोपे आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी. दिवसा एखादी उंच खिंड ओलांडली तरी चालते, महत्त्वाची असते ती रात्री झोपण्याच्या जागेची उंची.

दररोज पहाटे तालमीत जोर-बैठका मारणाऱ्या किंवा पन्हाळा ते पावनखिंड पावसात चालून जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना वाटते की आपल्याला काय होणार. दुर्दैवाने विरळ हवेचा त्रास तब्येत पाहून येत नाही, उलट तंदुरुस्त माणूस जास्त धावपळ करतो आणि म्हणून लवकर आडवा होतो. व्यायामाने पाय आणि दम तयार होतात, पण उंचीची सवय उंचीवर राहूनच होते.

यासाठी मी सुचवीन तो क्रम असा. लेहला विमानाने उतरल्यावर शहरात न थांबता त्याच सकाळी सिंधू नदीच्या काठाने खाली, पश्चिमेला, अल्चीला जावे. अल्ची सुमारे 3,100 मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा बरेच खाली आहे आणि अंतर सत्तर किलोमीटरच्या आत आहे. वाटेत निम्मूजवळ सिंधू आणि झांस्कर यांचा संगम दिसतो, तिथे पाच-दहा मिनिटे थांबले तरी पुरे. अल्चीत दोन रात्री काढाव्यात, बाराव्या शतकाच्या सुमाराची मठातली भित्तिचित्रे पाहावीत आणि जर्दाळूच्या बागांतून हळूहळू चालावे. त्यापुढे वेळ असेल तर आणखी खाली दाह, हानू, गरकोन या ब्रोकपांच्या गावी एक-दोन रात्री राहता येते. ही गावे अल्चीहूनही कमी उंचीवर, सिंधूच्या अरुंद खोऱ्यात आहेत. तिथे जव आणि जर्दाळू पिकतात आणि लोक डोक्यावर फुले माळतात. या लोकांभोवती ‘शुद्ध आर्य’ असल्याच्या ज्या कहाण्या पर्यटकांत फिरतात, त्या मनावर घेऊन कोणाला फोटोसाठी सजून यायला सांगू नये. ती सणाची वेशभूषा आहे, पाहुण्यांच्या करमणुकीची नाही.

मग लेहला दोन रात्री, त्यानंतर सिंधूकाठच्या चुमाथांगला एक रात्र आणि मगच कोरझोक. चुमाथांग सुमारे चार हजार मीटरवर आहे, म्हणजे लेह, चुमाथांग, कोरझोक या तीन पायऱ्या पाचशे-पाचशे मीटरच्या पडतात आणि वरचे सूत्र आपोआप पाळले जाते. बहुतेक गाड्या लेहहून सकाळी निघून संध्याकाळी थेट सरोवरावर पोहोचतात आणि रात्री दोन वाजता प्रवासी उशाशी डोके धरून बसलेले असतात. वाटेतला हा एक मुक्काम वाचवून काहीही साधत नाही.

डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही सुरुवातीची लक्षणे दिसली तर त्या दिवशी वर जाऊ नये. स्वस्थ बसले असतानाही धाप लागणे, कफाचा खोकला, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात विसंगती येणे ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट न पाहता, रात्रीच, खाली उतरावे. प्राणवायूचा सिलिंडर हा उतरेपर्यंतचा आधार आहे, उतरण्याला पर्याय नाही. मोठे सरकारी रुग्णालय लेहला आहे आणि कोरझोकहून ते दोनशेहून अधिक किलोमीटरवर आहे, हे गटाच्या म्होरक्याने सतत डोक्यात ठेवावे. उंचीचा त्रास टाळण्यासाठी असेटाझोलामाइडच्या गोळ्या बरेच जण घेतात, पण त्या कोल्हापूर सोडण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, विशेषतः सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असल्यास किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास. हृदयविकार, दमा किंवा गरोदरपण असेल तर हा प्रवास करावा की नाही, हेही त्यांनाच ठरवू द्यावे. पहिले काही दिवस दारू पूर्ण वर्ज्य करावी. याबाबत गटातल्या एखाद्या उत्साही भाऊजींशी आधीच स्पष्ट बोलून घेतलेले बरे.

प्रवास, परवाना, पैसे

दिल्लीपर्यंत जायला मिरजेहून रोज सुटणारी गोवा एक्सप्रेस सोयीची आहे, नाहीतर पुणे किंवा मुंबईहून विमान आहेच. लेहची विमाने प्रामुख्याने सकाळीच असतात, कारण दुपारनंतर खोऱ्यात वारे सुटतात. हवामान बिघडले की ती रद्दही होतात, म्हणून परतीच्या बाजूला एक मोकळा दिवस ठेवावा आणि लेहचे विमान व मिरजेची रेल्वे यांची सांगड एकाच दिवशी घालू नये. रस्त्याने जायचे असेल तर मनालीपेक्षा श्रीनगर-कारगिलचा मार्ग शरीराला सोसणारा आहे. मनालीकडून बारालाचा ला ओलांडून सारचूला झोपावे लागते आणि ती रात्र अनेकांना जड जाते. श्रीनगरच्या बाजूने चढ हळूहळू येतो आणि वाटेतील सर्वांत उंच खिंड, फोतू ला, 4,108 मीटरची आहे.

लेहला स्थानिक टॅक्सी युनियनचे दरपत्रक ठरलेले असते, त्यामुळे घासाघीस करण्यात वेळ घालवू नये. लडाखबाहेरून भाड्याने आणलेल्या गाडीने किंवा दुचाकीने सरोवरांकडे फिरण्यास तिथे विरोध होतो. स्वतःच्या नावावरची दुचाकी चालते. सीमावर्ती भाग असल्याने चांगथांगकडे जाण्यापूर्वी ऑनलाइन नोंदणी करून आणि पर्यावरण शुल्क भरून कागद घ्यावा लागतो. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात लेह जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. त्या कागदाच्या आणि आधार कार्डाच्या चार-पाच छायाप्रती हाताशी ठेवाव्यात, कारण माहेच्या पुलाजवळच्या तपासणी नाक्यावर त्या दाखवाव्या लागतात.

महाराष्ट्रातले प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागते. लेह सोडल्यावर तेही बराच वेळ मुके असते, तेव्हा घरी तसे सांगून ठेवावे, नाहीतर इकडे आई काळजीने फोन लावत बसते. पैसे लेहलाच एटीएममधून काढून घ्यावेत आणि इंधन कारूला भरून घ्यावे.

सरोवराकडे जाणारी वाट

लेहपासून उपशीपर्यंत मनालीचाच रस्ता असतो. तिथे तो सोडून सिंधूच्या कडेकडेने किआरी, चुमाथांग, माहे असे जावे. डोंगर इतके जवळ येतात की आकाशाची एक पट्टीच दिसते, आणि खडकांचा रंग जांभळा, शेवाळी, विटकरी असा सारखा बदलत जातो. चुमाथांगला नदीकाठीच गरम पाण्याचे झरे आहेत. माहेला पूल ओलांडला की सिंधूची सोबत सुटते आणि सुमदोमार्गे पठार उघडत जाते. इथे कियांग हे जंगली गाढव कळपाने दिसते. चालकाला त्यामागे गाडी घालायला सांगू नये. रस्ता सोडून चाके गेली की तिथल्या विरळ गवताचे नुकसान भरून यायला वर्षे लागतात आणि तेच गवत चांगपांच्या जनावरांचे अन्न आहे.

कोरझोकला किमान तीन रात्री राहावे. पहिला दिवस शरीर जुळवून घेण्यात जातो, दुसऱ्या दिवसापासून डोळे उघडतात. सकाळी वारा पडलेला असताना पाणी स्थिर असते आणि पलीकडच्या काठावरची चामसेर कांगरी व लुंगसेर कांगरी ही साडेसहा हजार मीटरहून उंच शिखरे त्यात उलटी दिसतात. दुपारनंतर वारा सुटतो, पाणी गडद निळे होऊन लाटा येतात, आणि सूर्य गावामागच्या डोंगराआड गेला की गाव सावलीत आणि समोरची शिखरे उन्हात, असे बराच वेळ राहते. रात्री ऑगस्टमध्येही पारा शून्याजवळ जातो, म्हणून लोकरीचे थर, कानटोपी आणि वारा अडवणारे जाकीट हवेच. दिवसाच्या उन्हासाठी गडद चष्मा आणि सनस्क्रीन हवे, कारण तिथले ऊन थंडीमुळे जाणवत नाही आणि कातडी मात्र सोलून काढते.

काठाच्या ओलसर कुरणात पट्टकदंब हंस घरटी करतात. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला हाच पक्षी हिवाळ्यात उजनी आणि जायकवाडीच्या पाण्यावर येतो, त्यामुळे आपल्याकडच्या पक्षिनिरीक्षकांना तो ओळखीचा वाटेल. लडाखचा राज्यपक्षी असलेला काळ्या मानेचा क्रौंचही याच भागात पिले वाढवतो. दुर्बीण न्यावी, जवळ जाऊ नये आणि ड्रोन उडवू नये. भटक्या कुत्र्यांना बिस्किटे घालणे हा दयेचा प्रकार वाटतो, पण पर्यटकांच्या खरकट्यावर वाढलेली हीच कुत्री क्रौंचांची अंडी आणि पिले खातात.

चांगपांच्या तळावर

गावामागून ओढ्याच्या काठाने वर चालत गेले की कोरझोक-फू नावाचे कुरण लागते आणि उन्हाळ्यात चांगपांचे तळ तिथे असतात. याकच्या काळ्या केसांचे विणलेले त्यांचे तंबू, ज्यांना ते रेबो म्हणतात, लांबून दिसतात. हल्ली पांढऱ्या कापडी तंबूंची संख्या वाढली आहे, त्याने हिरमुसून जाऊ नये. ते हलके आहेत आणि वाहायला सोपे आहेत, एवढे कारण त्यांना पुरते.

आपल्या शिवारात धनगरांचा वाडा उतरला असता जाणते माणूस मेंढरांत सरळ शिरत नाही, बांधावरूनच हाक देते, कुत्री आवरेपर्यंत थांबते आणि कारभारी पुढे आला की मगच दोन शब्द बोलते. तीच रीत इथे पाळावी, कारण कुत्री इथेही राखणीची आहेत आणि अंगावर येतात. ‘जुले’ म्हणून नमस्कार करावा. बहुतेकांना हिंदी समजते, वयस्कर बायकांना कमी. गावातला एखादा माणूस वाटाड्या म्हणून सोबत घेतला तर बोलणे सोपे होते आणि त्याचे पैसेही गावात राहतात.

दूध काढण्याच्या वेळेला तिथे असावे. बायका शेळ्यांना समोरासमोर दोन रांगांत उभे करतात, एकीची मान दुसरीच्या मानेशेजारी येईल अशा बेताने एकच लांब दोर सगळ्यांच्या मानांभोवती गुंफत नेतात आणि पाहता पाहता शेकडो शेळ्या एका वेणीत बांधल्यासारख्या जागच्या जागी उभ्या राहतात. मग मागच्या बाजूने एकेकीचे दूध काढत जायचे. काम संपले की दोराचे एक टोक ओढताच सगळी वेणी सुटते. हे घडत असताना कॅमेरा घेऊन मध्ये उभे राहू नये, बाजूला बसून पाहावे. फोटो हवा असेल तर विचारावे आणि नको म्हटले तर तो विषय तिथेच सोडावा. मुलांना चॉकलेटे आणि पैसे वाटण्याची सवय आपल्या लोकांत फार आहे. ती सोडावी, कारण तिने मुलांना गाड्यांमागे धावायला शिकवले आहे.

या शेळ्यांच्या अंगावर हिवाळ्यात जी मऊ आतली लोकर येते, तीच पश्मिना. तिचा तंतू बारा ते पंधरा मायक्रॉन जाडीचा असतो आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती कातरून नव्हे, तर विंचरून काढतात. एका शेळीमागे दोन-अडीचशे ग्रॅम कच्चा माल निघतो आणि त्यातलेही केस-कचरा काढल्यावर बरेच वजन घटते. हा माल परंपरेने काश्मीरला विणायला जात आला, त्यामुळे मोलाचा मोठा वाटा विणणाऱ्या आणि विकणाऱ्याकडे राहिला. चांगपांना 1989 साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, मुले निवासी शाळांत शिकू लागली, आणि खारनाकसारख्या टापूतली कितीतरी कुटुंबे लेहजवळ खारनाकलिंगला स्थायिक झाली. हिवाळ्यात उणे तीसच्या थंडीत जनावरे राखण्यापेक्षा ट्रक चालवणे ज्या तरुणाला बरे वाटले, त्याला ‘परंपरा सोडू नका’ असे आपण दोन दिवसांच्या पाहुण्यांनी सांगणे शोभत नाही.

राहणे आणि खाणे

पाण्यालगतच्या तंबूंपेक्षा गावातल्या घरी राहावे. खोली साधी असते, गाद्या जमिनीवर असतात आणि शौचालय कोरडे असते. त्यात वापरानंतर फावड्याने माती टाकायची आणि पाणी ओतायचे नाही, कारण तेच खत पुढे शेतात जाते. अंघोळीचा हट्ट धरू नये. पाणी सुमारे 85 अंशांनाच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय भात-डाळ शिजत नाही. घरात थुक्पा (शेवयांचे सूप), स्क्यू (कणकेच्या तुकड्यांचा रस्सा), खांबीर रोटी आणि लोणी-मिठाचा गुरगुर चहा मिळतो. हा चहा पहिल्या घोटाला खारट वाटतो, दुसऱ्या कपाला अंगात ऊब येते. पेला रिकामा केला की तो पुन्हा भरला जातो, म्हणून नको असेल तर भरलेलाच ठेवावा. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची चौकशी तिथे करू नये. भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ घरून न्यावा. उंचीवर भूक मरते तेव्हा ओळखीची चव कामी येते आणि यजमानांपुढे ठेवायलाही आपल्याकडचे काही असते. वेष्टने आणि बाटल्या मात्र पिशवीत भरून लेहपर्यंत परत आणाव्यात.

मठात जाताना पादत्राणे बाहेर काढावीत, फ्लॅश वापरू नये. चोर्तेन (स्तूप) आणि मणी भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती) उजव्या हाताला ठेवून पुढे जावे. सरोवरात उतरून पोहू नये. एक तर पाणी जीवघेणे गार आहे, आणि गावाला ते पवित्र आहे.

परतीची वाट

आल्या वाटेने न जाता सुमदोहून पुगा खोऱ्यातून पोलोकोंगका खिंड ओलांडून त्सो करला जावे. पुग्याला जमिनीतून वाफा निघतात आणि गंधकाचा वास येतो. त्सो कर हे खारे सरोवर 2020 साली रामसर यादीत आले. काठावर मिठाचा पांढरा थर असतो आणि चांगपा पूर्वी हे मीठ जनावरांवर लादून दूरवर विकायला नेत. तिथून मनाली रस्त्याला लागून 5,328 मीटरची तांगलांग ला ओलांडली की संध्याकाळपर्यंत लेह गाठता येते. खिंडीवर दहा मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नये.

लेहच्या बाजारात पश्मिना म्हणून हजार-दीड हजारांत मिळणारी शाल पश्मिना नसते. खरी घ्यायची ऐपत नसेल तर चांगथांगच्या बायकांनी विणलेले मेंढीच्या लोकरीचे मोजे किंवा टोपी घ्यावी. ती शक्यतो कोरझोकलाच, विणणारीच्या हातून आणि सांगेल त्या भावाने घ्यावी.